तोळाभर शिसे

ओहायोतल्या एका तळघरात बसून मी चारशे गोळ्यांची बुडे भिंगाखाली तपासली आहेत, असे मी वर्गात सांगितले तर माझे विद्यार्थी पोट धरून हसतील. मराठीच्या मास्तरचा नि बंदुकीच्या गोळीचा संबंध तो काय? फार तर अनेकार्थी शब्दांचे उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिण्यापुरता! पण योग असा आला खरा. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता अमेरिकेत माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. तिथल्या तीन आठवड्यांत मी नायगारा पाहिला, मोठमोठी दुकाने पाहिली, आणि ते सारे आता पुसट झाले आहे. तळघरातले ते बाक मात्र अजून डोळ्यांसमोर जसेच्या तसे आहे.

अण्णा माझ्याहून वीसबावीस वर्षांनी मोठे. आयुष्यभर कारखान्यात इंजिनिअर म्हणून राबले, आता निवृत्त आहेत. ईरी सरोवराच्या काठी कँप पेरी नावाचे ठिकाण आहे; तिथे १९०७ साली अमेरिकेचे राष्ट्रीय नेमबाजी सामने भरू लागले. एका सहकाऱ्याबरोबर अण्णा एकदा ते पाहायला गेले, आणि तेव्हापासून त्यांना पिस्तुलाच्या नेमबाजीचे वेड लागले. शिकार नाही, पाखरू मारणे नाही, फक्त कागदावरची काळी वर्तुळे. एका हाताने पिस्तूल धरायचे, दुसरा हात खिशात घालायचा, आणि पंचवीस किंवा पन्नास यार्डांवरचे लक्ष्य वेधायचे. पंचवीस यार्ड म्हणजे पाऊणशे फूट. मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास सव्वातीन इंचांहून किंचित जास्त. पहिल्या फेरीत दहा गोळ्यांना दहा मिनिटे मिळतात. पुढे पाच गोळ्यांना वीस सेकंद आणि शेवटी पाच गोळ्यांना अवघे दहा सेकंद!

या छंदाचा अर्धा भाग मैदानावर चालतो, आणि अर्धा तळघरात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून द्यायची नाही. तिच्या बुडातली जळकी टोपी काढायची, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून पूर्ववत करायची, नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवून कड आवळायची, की काडतूस पुन्हा तयार. एकच पुंगळी कित्येकदा वापरता येते. पैसे वाचतात हे एक कारण. खरे कारण निराळे: आपल्या हत्याराला कोणत्या आकाराची, किती वजनाची गोळी मानवते ते शोधून काढता येते. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे, हे तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. तिथेही अण्णांची दारू आणि हत्यारे कुलपात असत नि किल्ली वहिनींना ठाऊक असे.)

आम्ही पोहोचलो तेव्हा अण्णा जरा घुश्शातच होते. वर्षभरात त्यांचे गुण घसरत चालले होते. क्लबच्या दरमहाच्या सामन्यात पहिल्या पाचांत येणारा माणूस विसाव्या क्रमांकावर गेला होता.

"गोळ्यांत खोट आहे," ते म्हणाले. "साचा जुना झालाय, नाहीतर मी वजन चुकीचं निवडलंय. या खेपेला सगळं मुळापासून तपासणार. मास्तर, तू आलास ते बरं झालं. तुझे डोळे चांगले आहेत."

वहिनी चहा ओतत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. पण त्यांनी अण्णांचा कप अर्धाच भरला, हे माझ्या लक्षात राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बाकावर चार डबे मांडले. चारही डब्यांतल्या गोळ्या त्यांच्या अडतीस स्पेशल रिव्हॉल्व्हरच्याच, पण चार भावांसारख्या चार तऱ्हेच्या. त्यांचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. मला ग्रेन कळेना, तेव्हा अण्णांनी पाटीवर हिशेब मांडला. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा १८० ग्रेनांचा ठरवला होता. तोळ्याचे बारा मासे, म्हणजे एक मासा १५ ग्रेनांचा. झाले! आजीच्या सोन्याचे माप कामी आले. पहिली गोळी १५८ ग्रेनांची, म्हणजे साडेदहा मासे. तिचे डोके गोल, अंगठ्याच्या टोकासारखे. दुसरीही तेवढ्याच वजनाची, पण शेंडा सपाट छाटलेला आणि खांद्याला धारदार कड असलेली. ही अण्णा घरी ओतत. तिसरी १४८ ग्रेनांची, दहा माशांना किंचित कमी. तिला डोकेच नव्हते. निव्वळ पिंप! शिवाय बुडाला पोकळी. चौथी १२५ ग्रेनांची, आठ मासे नि वर थोडेसे. तांब्याच्या पत्र्यात मढवलेली आणि नाकाला खळगा असलेली.

मला वाटत होते, की नेमाला सर्वांत चांगली गोळी ती टोकदार. बाण टोकदार, सुई टोकदार, मग गोळी का नको? अण्णा हसले. "तो बोथट पिंपच नेमबाजांचा लाडका आहे," म्हणाले.

याचे पहिले कारण कागदाशी निगडित आहे. गोल डोक्याची गोळी कागद बाजूला सारून फाटक्या कडांचे भोक पाडते. भोक रेषेला शिवले तर वरचा गुण मिळतो. पण कडाच फाटलेल्या असतील तर शिवले की नाही हे ठरवताना परीक्षकाची पंचाईत होते. सपाट तोंडाची गोळी मात्र कचेरीतल्या भोक पाडायच्या यंत्रासारखी कागदाची स्वच्छ टिकली कापते. हे मी आपल्याकडेही पाहिले होते, फक्त लक्ष गेले नव्हते. पुण्या-कोल्हापुरात मुलेमुली दहा मीटरवर हवेच्या पिस्तुलाने सराव करतात. त्यांचे अर्ध्या ग्रॅमचे इवलेसे छर्रे सपाट तोंडाचेच असतात. पंचवीस मीटरच्या प्रकारात पुरुष नेमबाज बत्तीसच्या काडतुसात अशीच डोके नसलेली गोळी वापरतात. त्याच अंतरावर बावीसच्या लहान पिस्तुलाने कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळवले होते. त्या वेळी आम्ही घरात टाळ्या वाजवल्या. पण पिस्तुलात कसली गोळी होती, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता.

दुसरे कारण गोळीच्या तोलाचे. जुन्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत नि गोळी वाटोळी असे. नळीत आपटत जाताना तिला कुठली तरी आडवीतिडवी गिरकी मिळे आणि हवेत ती भरकटे. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने हे प्रयोगांनी दाखवून दिले. तोफविद्येची नवी तत्त्वे सांगणारा त्याचा ग्रंथ १७४२ सालचा. पुढे हा गृहस्थ कंपनीच्या नोकरीत आपल्याकडे आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेला, फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. नळीत आटे पाडून गोळीला तिच्याच दिशेभोवती फिरवले तर ती सरळ जाईल, असे त्याचे सांगणे होते. दिवाळीतला बाण शेपटीच्या काडीवर तोल सांभाळतो. गोळीला काडी नाही, म्हणून ती भोवऱ्यासारखी फिरून तोल राखते. अण्णांच्या रिव्हॉल्व्हरमधले आटे पावणेएकोणीस इंचांत एक वेढा घेतात. नळी सहा इंचांची, म्हणजे आत असताना गोळीची जेमतेम तिसरा हिस्सा फेरी होते. पण सुटल्यावर तिचा वेग सेकंदाला सातशे फूट धरला, तर त्याच सेकंदात तिच्या चारशेहून जास्त गिरक्या होतात! गोळी जितकी लांब तितकी तिला गिरकी जास्त लागते. एकाच जाडीत वजन वाढवायचे म्हणजे लांबीच वाढवावी लागते. म्हणून 'जड तेवढी चांगली' हेही खरे नाही आणि 'हलकी तेवढी चांगली' हेही नाही. आट्यांशी जमेल ती चांगली.

पोकळ बुडाची गोष्ट तर आपल्या इतिहासाशी जाऊन भिडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने बुडात पोकळी असलेली गोळी काढली. दारू पेटली की ते बूड फुगते आणि आट्यांत घट्ट बसते. इंग्रजांच्या १८५३ च्या एन्फील्ड रायफलीतली गोळी याच कुळातली. ती ज्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसात भरलेली असे, त्या काडतुसाने १८५७ साली काय घडवले ते शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. अण्णांच्या डब्यातला पिंप त्या गोळीचा दूरचा नातेवाईक. बूड पोकळ असल्याने त्याचे वजन पुढे येते आणि बॅडमिंटनच्या फुलासारखा त्याचा पुढचा भाग पुढेच राहतो. त्याच्या अंगाची जवळजवळ सारी लांबी आट्यांना घासत जाते, त्यामुळे तो नळीत तिरका होत नाही. पण त्याला पथ्येही आहेत. दारू जास्त झाली तर बुडाची पातळ कड फाटून नळीत राहू शकते. पन्नास यार्डांपलीकडे हवेच्या मारापुढे त्याचा तोल डळमळू लागतो. आणि आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांच्या तोंडात तो नीट शिरत नाही. एका अमेरिकन कंपनीने १९६१ साली खास याच गोळीसाठी वेगळे पिस्तूल बाजारात आणले, यावरून त्याचे महत्त्व कळावे.

आता बुडांची तपासणी. फ्रँकलिन मान नावाच्या अमेरिकन डॉक्टरने आयुष्याची कित्येक वर्षे गोळ्या झाडून पाहण्यात घालवली आणि १९०९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याने मुद्दाम काही गोळ्यांची नाके विद्रूप केली, काहींची बुडे. नाक बिघडलेल्या गोळ्या बऱ्याच सरळ गेल्या, बूड बिघडलेल्या भरकटल्या. कारण साधे आहे. नळीतून सर्वांत शेवटी बाहेर पडते ते बूड. त्याची कड एका बाजूला तुटलेली असेल तर कोंडलेला वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि जाता जाता गोळीला तिरका धक्का देतो. माणूस घरातून निघताना उंबऱ्यात अडखळावा, तसे.

अण्णांनी ओतलेल्या चारशे गोळ्या मी एकेक करून भिंगाखाली पाहिल्या. प्रुफे तपासण्याची माझी सवय इथे उपयोगी पडली. काना-मात्रेची चूक जशी चटकन डोळ्यात भरते तशी कडेची चीर भरू लागली. एकसष्ट गोळ्या मी बाजूला काढल्या. अण्णांनी सर्वांचे वजन केले; ग्रेन-दोन ग्रेनांच्या फरकाची त्यांनी फारशी पर्वा केली नाही, मात्र एखादी फारच हलकी भरली तर तिच्या पोटात हवेचा बुडबुडा आहे असे समजून ती पुन्हा वितळवायला टाकली. "आता सापडला चोर," ते आनंदाने म्हणाले.

शनिवारी आम्ही मैदानावर गेलो. अण्णांनी वाळूच्या पिशवीवर रिव्हॉल्व्हर टेकवले, म्हणजे हाताचा दोष त्यात येऊ नये. प्रत्येक तऱ्हेच्या दहा गोळ्या, पाऊणशे फुटांवर. मी दुर्बिणीतून पाहून वहीत टिपत होतो.

पिंपांची दहा भोके एकमेकांत मिसळून गेली. चहाच्या कपाच्या तोंडाने सारी झाकली असती. सपाट शेंड्याच्या घरच्या गोळ्यांनी त्याहून किंचित मोठा घोळका केला. गोल डोक्यांचा आणखी थोडा मोठा. बाजूला काढलेल्या तुटक्या बुडांच्या दहा गोळ्या मुद्दाम झाडल्या, तेव्हा बशीएवढा पसारा झाला. मानसाहेबांचे म्हणणे आमच्या वहीत उतरले.

हलक्या आठ माशांच्या गोळीने मात्र मला चकवले. ती सर्वांत वेगवान, म्हणून मी ती वर लागेल असे धरले होते. ती इतरांपेक्षा खाली लागली! दारू पेटली की गोळी नळीत असतानाच रिव्हॉल्व्हर उसळू लागते. जड गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, तोवर तोंड थोडे वर उचललेले असते. हलकी गोळी त्याआधीच पसार होते. म्हणून वजन बदलले की नेमाची खूणही बदलावी लागते.

त्या हलक्या गोळीच्या नाकातला खळगा कशासाठी, हे मी विचारले. अण्णा क्षणभर गप्प राहिले. "तो कागदासाठी नाही," म्हणाले. अशी गोळी शरीरात शिरली की फुलते. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात नाक उघडे ठेवलेल्या गोळ्या तयार झाल्या, त्यावरून त्या जातीला जगभर 'डमडम' नाव पडले. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात त्या वापरू नयेत असे जाहीर केले. आमच्या वहिनींना हा छंद कधी का आवडला नाही ते मला त्या क्षणी कळले. एकाच बाकावर, एकाच शिशाच्या दोन गोळ्या. एकीचे तोंड कागदाची टिकली कापण्यासाठी छाटलेले, दुसरीचे माणसासाठी कोरलेले. अण्णांनी तो डबा नंतर पुन्हा आणला नाही. मीही विषय काढला नाही.

"आता हातानं," अण्णा म्हणाले. गोळ्यांची परीक्षा झाली होती, आता सामन्यासारखे उभे राहायचे होते. त्यांनी उत्तमातले उत्तम पिंप निवडले, डावा हात खिशात घातला आणि उजवा उचलला. मी दुर्बिणीतून कागदाकडे पाहायला हवे होते. का कोण जाणे, मी त्यांच्या हाताकडे पाहिले. रिव्हॉल्व्हरचे टोक थरथरत होते. नेमबाजाचा हात थोडा हलतोच, पण हे हलणे तसे नव्हते. आमच्या कॉलेजातले एक वृद्ध प्राध्यापक शेवटच्या वर्षी फळ्यावर लिहीत, तेव्हा त्यांचा खडू असा थरथरत असे.

दहा गोळ्या झाल्या. दोन तर काळ्या वर्तुळाच्याही बाहेर. अण्णांनी कागद आणून बाकावर ठेवला. त्याच्या शेजारी पिशवीवरून झाडलेला कागद होता. हत्यार तेच, गोळी तीच, अंतरही तेच. मी काय बोलणार? ते इंजिनिअर होते. एक एक कारण वजा करत गेल्यावर काय उरते ते त्यांना माझ्याआधी कळले होते.

गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझी वहिनी वर्षभर माझा कप अर्धा भरतेय. मला वाटलं, साखरेच्या काळजीनं."

पुढच्या आठवड्यात ते डॉक्टरांकडे गेले. वयापरत्वे काहींना येतो तसला कंप, भिण्यासारखे काही नाही, असे निदान झाले. प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी लिहून दिली. आणि इथेच खरी अडचण उभी राहिली. ही गोळी हृदयाची धडधड आणि हाताची थरथर दोन्ही कमी करते. त्यामुळेच नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती निषिद्ध आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या पिस्तुलबाजाची दोन पदके याच औषधापायी काढून घेतली गेली.

"अहो अण्णा, तुमच्या क्लबात कोण तपासायला बसलंय?" मी म्हटले. "आणि तुम्ही औषध म्हणून घेताय."

"तपासत नाही कोणी, हे खरं. पण मला माहीत असेल ना!" ते म्हणाले. "ती घेऊन मी सामन्यात उभा राहिलो, तर पलीकडच्या म्हाताऱ्याचा हातही थरथरत असतो, त्याचं काय?"

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "मला तुमचे गुण नकोत. मला तुम्ही चहा न सांडता प्यायलेला हवा आहे."

अण्णांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी ते खाली आले, न्याहारीबरोबर गोळी घेतली आणि क्लबच्या चिटणिसाला फोन करून सांगितले, की यापुढे माझे नाव स्पर्धकांत धरू नका. गुण मोजायला कोणी हवे असेल तर मी येईन. फोन ठेवल्यावर ते तळघरात गेले. मी मागोमाग गेलो नाही. काही वेळ माणसाला एकट्यालाच द्यावा लागतो.

आता ते दरमहा सामन्याला जातात आणि खुर्चीवर बसून इतरांची भोके मोजतात. ज्यांच्या कडा फाटलेल्या असतात अशा तरुणांना गोळीच्या नाकाबुडाबद्दल दोन शब्द सांगतात म्हणे. सामने संपून मैदान रिकामे झाले, की स्वतःसाठी दहा गोळ्या झाडतात. त्यांचे गुण कुठेच लिहीत नाहीत.

गेल्या दिवाळीला त्यांचे शुभेच्छापत्र आले. आत चौकोनी घडी घातलेला कागद होता, मध्ये काळे वर्तुळ आणि त्यात दहा स्वच्छ टिकल्या कापलेल्या. नऊ आत, एक जरा बाहेर. खाली वहिनींच्या अक्षरात एक ओळ होती: 'चहा आता पूर्ण कप.'

तो कागद मी कपाटात ठेवला आहे. वर्गात अनेकार्थी शब्दांचा धडा येतो तेव्हा मी अजूनही फळ्यावर 'गोळी' लिहितो आणि अर्थ विचारतो. मुले औषधाची सांगतात, बंदुकीची सांगतात. दोन्ही बरोबर म्हणून मी पुढच्या शब्दाकडे वळतो.